तिसरा खळगा

मी एक जुना चौरंग आहे. सागवानी, चार पायांचा, त्यातला एक पाय किंचित आखूड. माझी पाठ हातभर लांब आणि तेवढीच रुंद. मित्रांनो, या वाड्यासारख्या प्रचंड घरात माझ्याहून देखणं सामान पुष्कळ आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या खुर्च्या आहेत, त्यांच्यावर कोणी बसत नाही. चांदीच्या दिवट्या आहेत, त्या कोणी पेटवत नाही. माझा मात्र जन्मभर उपयोग झाला, हे मी छातीठोकपणे सांगतो. चौरंगाला छाती नसते हे मला ठाऊक आहे, पण अभिमान असतो.

सोमवारी पॉलिशवाला आला होता. चांगला माणूस असावा, कारण शीळ वाजवतच आला. त्याने मला उलटं केलं, सुलटं केलं, पाठीवर बोट फिरवलं आणि कारभाऱ्याला म्हणाला, "लाकूड झकास आहे हो. पण खळगे बघा किती पडलेत. हे दोन मोठे शेजारी शेजारी, आणि कडेला हा तिसरा, बोराएवढा. रंधा मारला की तासाभरात सगळं सपाट. गुरुवारी येतो."

आज गुरुवार आहे. सकाळपासून माझा जीव टांगणीला लागला आहे. तो येईपर्यंत माझ्यापाशी थोडा वेळ आहे, म्हणून तुम्हाला सगळं सांगून टाकतो. एकदा पाठ सपाट झाली की माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?

तसा मी मूळचा तुमच्याकडचाच. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या एका जहाजाची मी फळी होतो. सुतारांची आणि कोळ्यांची बोलणी ऐकत ऐकत माझं लाकूड सुकलं, त्यामुळे इथे लोक मला काय वाटेल ते म्हणोत, मनातल्या मनात मी स्वतःला चौरंगच म्हणतो. पुढे ते जहाज म्हातारं झालं आणि लंडनला थेम्स नदीच्या काठी मोडीत निघालं. तिथे नेड क्रेन नावाच्या माणसाने मला उचललं. नेडने वीस वर्षं त्याच जहाजावर सुतारकाम केलं होतं. आता तो लंडनच्याच लॅम्बेथ भागातल्या एका नाटकघरात दोर ओढत होता. जहाजाची शिडं ओढणारे हात नाटकाचे पडदेही झकास ओढतात, म्हणून तिथे सगळे जुने खलाशीच होते.

नेडची बायको गेली होती. घरी एकच लेक, टिबी, वय वर्षं सहा. तिला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तो तिला रोज नाटकघरात आणून पडद्यामागे बसवी. बसेल ती टिबी कसली! लाकडी तळाचे बूट घालून खटाखट नाचणाऱ्या बायका बघून ती तिथल्या तिथे तस्संच नाचू लागे. एकदा नाचता नाचता ती रंगमंचाच्या फळीतल्या झडपेतून खाली तळघरात पडता पडता वाचली. त्या रविवारी नेडने मला कापलं. एकही खिळा न मारता, लाकडात लाकूड बसवून त्याने माझे चार पाय जोडले. एक पाय आखूड निघाला. नेडने स्वतःलाच चार शिव्या दिल्या आणि आपली टोपी घडी करून त्या पायाखाली सारली.

"हे बघ टिबे," तो म्हणाला, "एवढीच तुझी जमीन. या चौरंगावर काय हवं ते कर. खाली पाय पडला की तू हरलीस."

ती हरली नाही. सातव्या वर्षी ती नाताळच्या नाटकात उभी राहिली. दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'चौरंगावरची चिमणी'. बाप पडद्याआड हातोड्याने ताल धरी आणि ती माझ्या पाठीवर टक्-टक्-टकाटक सुरू करी. हळू, मग जलद, मग इतकं जलद की बूट दिसतच नसत. नाटकघर टाळ्यांनी दणाणून जाई. त्या टाळ्या माझ्यासाठी आहेत असं मला बरीच वर्षं वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

ते दिवस नुसते टाळ्यांचे नव्हते, हेही सांगायला हवं. नाताळात दिवसातून दोन खेळ असत. पोरीचे पाय सुजत. नेड कोमट मिठाच्या पाण्यात ते पाय धरून बसे. एवढ्या लहान मुलीने एवढं राबावं का, असं मी तेव्हा विचारलं नाही. आज विचारतो. पण टिबीला कोणी 'उद्या येऊ नकोस' म्हटलं असतं तर तिने त्याला चावा घेतला असता.

आता नाटकघराचा एक नियम सांगतो, तो नीट लक्षात ठेवा. तिथे शीळ वाजवायची नाही. वरचे खलाशी एकमेकांना शिळेनेच खूण करत. शीळ वाजली की दोर सोडायचा, विचार करत बसायचं नाही. एकदा आठ वर्षांची टिबी मजेत शीळ घालत आली आणि पडद्यावर रंगवलेलं अख्खं जंगल धाडकन नाटकातल्या राजाच्या डोक्यावर आलं. नेडने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"बाहेर हो! स्वतःभोवती तीन गिरक्या घे. मग दार ठोठाव, आणि विचार 'आत येऊ का?' राजासुद्धा असला तरी हीच शिक्षा."

"राजाच्या डोक्यावर तर जंगल पडलंय बाबा," टिबी म्हणाली. तरी तिने तीन गिरक्या घेतल्या, दार ठोठावलं आणि आत येऊ का म्हणून विचारलं. त्यानंतर ती कधीही शीळ वाजवताना मला दिसली नाही.

टिबी अकरा वर्षांची असताना मिस्टर फेन नावाचे चित्रकार नेडला भेटायला आले. त्यांना टिबीचं चित्र काढायचं होतं.

"तिने काय करायचं?" नेडने विचारलं.

"उभं राहायचं."

"नुसतं उभं? आणि याला तुमच्यात काम म्हणतात?"

पण ते काम नाचण्याहून कठीण निघालं. मिस्टर फेन यांच्या घरी उत्तरेच्या खिडकीपाशी मला ठेवलं जाई आणि टिबी संत्र्यांची टोपली घेऊन माझ्यावर तासन्‌तास उभी राही. नेड कोपऱ्यात बसून पटाशीला धार लावी, कारण लेकीला एकटं सोडायची त्याची तयारी नव्हती. टिबीची मान स्थिर, हात स्थिर, पापणीसुद्धा लवत नसे. फक्त बुटाच्या आत अंगठा ताल धरी, आणि ते माझ्याशिवाय कोणालाच कळत नसे. एकदा मिस्टर फेन ओरडले, "काल तीन संत्री होती, आज दोनच कशी? मी चित्रात काय, साल काढू?" टिबी पापणी न हलवता म्हणाली, "सालसुद्धा गेली साहेब. भूक लागली होती."

वर्षामागून वर्षं गेली. ती माझ्यावर वाढली, म्हणजे अगदी अक्षरशः. आधी माझ्यावर पिसाएवढी हलकी होती, मग हळूहळू पायाखाली मला तिचं वजन कळू लागलं. तिच्या टाचांनी माझ्या पाठीवर दोन खळगे पडले. डोळे मिटून पाय ठेवला तरी टाच बरोबर तिथे जाई. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा तिचं मोठं चित्र प्रदर्शनात लागलं आणि लोक रांगा लावून बघायला आले. त्या रांगेत लॉर्ड थॉर्नमियर होता. नाव ह्यूबर्ट, वय सव्वीस, उंची इतकी की प्रत्येक दाराच्या चौकटीला कपाळ आपटे, आणि स्वभाव इतका भिडस्त की चौकटीचीच माफी मागे. तो चित्र बघायला चार वेळा गेला आणि पाचव्या वेळी थेट मिस्टर फेन यांच्या घरी आला.

त्याने वर्षभर येऊन गप्पा मारल्या. मग एक दिवस, टिबी माझ्यावर उभी असताना, चित्रकार खाली मान घालून रंग कालवत असताना, त्याने तिला विचारलं. आधी सगळं रक्त त्याच्या कानांत गोळा झालं, मग शब्द आले.

"टिबी, माझ्याशी लग्न करशील?"

"आत्ता हलले तर साहेब ओरडतील," टिबी ओठ न हलवता म्हणाली.

"मग?"

"मग हो," तीही ओठ न हलवताच. माझ्या पाठीवर मात्र दोन्ही टाचा अशा काही थरथरल्या की मीच पडतो की काय असं मला वाटलं.

गंगेत घोडं न्हालं असं तुम्हाला वाटेल. पण ह्यूबर्टला आई होती. थोरल्या लेडी थॉर्नमियर म्हणजे बुटक्या, ताठ, आणि हातात लोखंडी टोकाची काळी काठी. ती काठी जमिनीवर एकदा वाजली, टक्, की घरातली घड्याळंसुद्धा गप्प होतात असं नोकर म्हणत. लग्नाला त्यांनी नाही म्हटलं नाही, पण एक अट घातली. नाचाचं नाव या घरात निघता कामा नये, आणि तो दोर ओढणारा बाप या उंबऱ्यात दिसता कामा नये.

टिबी भांडायला उठली होती. नेडनेच तिला खाली बसवलं.

"मी नाही आलो तर माझं काय झिजतंय?" तो म्हणाला. "तू तिथे नीट रुजलीस ना, की मला सगळं पोचलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी." तो हसत होता, पण टोपी हातात पिळत होता. आणि टिबीने ते ऐकलं. मित्रांनो, ती माझी कितीही लाडकी असली तरी खरं ते सांगतो. तिने ऐकायला नको होतं.

लग्नात नेड चर्चच्या अगदी शेवटच्या बाकावर बसला आणि कोणाला कळायच्या आत निघून गेला. मी टिबीबरोबर गाडीतून इथे, नॉरफोकला, ह्यूबर्टच्या या घरी आलो. कारभाऱ्याने मला दोन बोटांत धरून विचारलं, "हे काय आहे?" टिबी उत्तर द्यायला वळली, तर मागे थोरल्या बाईसाहेब उभ्या होत्या. ती पुढे निघून गेली. मला बुटांच्या खोलीत टाकलं. लोक माझ्यावर पाय ठेवून चिखल काढत. दोन वर्षं मी एक ताल ऐकला नाही. टिबी झकास शिकली होती: सूप कुठल्या चमच्याने, कोणाला किती वाकायचं, जेवायला आत जाताना कोणी कोणाचा हात धरायचा. सगळे म्हणत, पोर चांगली वळणाला लागली. पण दुरून कुठे शीळ ऐकू आली की ती दचकून वर छताकडे बघे, हे मी दाराच्या फटीतून पाहिलं आहे. दोन वर्षांत तिने बापाचं तोंड पाहिलं नव्हतं.

मग तो जूनचा दिवस आला. गावच्या शाळेचं छप्पर गळत होतं, त्याचे पैसे जमवायला थोरल्या बाईसाहेबांनी तिकीट लावून धान्याच्या मोठ्या कोठारात 'जिवंत चित्रं' ठरवली. म्हणजे पडदा उघडायचा आणि आत माणसं नटूनथटून चित्रासारखी स्थिर उभी राहायची. त्या अख्ख्या जिल्ह्यात स्थिर उभं राहायचं कसं हे खरंखुरं ठाऊक असलेली एकच बाई होती, आणि तिला सांगितलं होतं, "सूनबाई, तू समोर खुर्चीत बस. लोकांनी तुला पुन्हा फळीवर चढलेलं बघायला नको."

पडदे लावायला कारभाऱ्याने लंडनच्या एका नाटकघराला पत्र लिहून माणूस मागवला. नाटकघराने त्यांचा सगळ्यात अनुभवी माणूस पाठवला. त्यांना काय माहीत! त्या माणसाला मात्र माहीत होतं. दुरून बघू, बोलायचं नाही, एवढं मनाशी ठरवून तो आला होता.

सकाळी मला बुटांच्या खोलीतून आणलं, कारण सिंहासन उंच होतं आणि समुद्राची राणी झालेल्या थोरल्या बाईसाहेबांचे पाय लोंबकळत होते. नेडने मला पाहिलं. माझ्यावर मखमल पडायच्या आधी त्याने दोन्ही खळग्यांवरून अंगठा फिरवला. "अजून आहेस होय रे तू?" तो हळूच म्हणाला. तेवढ्यात दारातून थोरल्या बाईसाहेब आणि टिबी आत आल्या.

"हा कोण?" काठी नेडकडे वळली.

टिबी पांढरीफटक पडली. मी वाट बघत होतो. नेडसुद्धा, ठरवून आला असला तरी, वाट बघत होता.

"सुतार आहे, आईसाहेब," टिबी म्हणाली. "लंडनहून आलाय."

नेडने टोपी काढली. "सुतार, बाईसाहेब," तो म्हणाला आणि शिडीवर चढला. त्याचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नव्हते.

दुपारी कोठार खच्चून भरलं. पुढे जिल्ह्यातले बडे लोक, मागे शेतकरी, गवळणी, शाळेची पोरं. पडदा उघडला. थोरल्या बाईसाहेब सिंहासनावर, डोक्यावर मुकुट, काठीला सोनेरी कागद गुंडाळून तिचा राजदंड केलेला, पाय माझ्यावर. मागे कापडाचा समुद्र आणि वर दोराला टांगलेला कापसाचा मोठा ढग. टाळ्या पडल्या. बाजूला आडोशाला बाईसाहेबांचा भाचा, कॅप्टन रेजी, सेनापतीच्या वेषात पुढच्या चित्राची वाट बघत उभा होता. त्याचा कुत्रा कुठेतरी भटकला होता. रेजीने काय करावं? दोन बोटं तोंडात घातली आणि एक लांब, झकास शीळ वाजवली.

वर नेडच्या हातांनी विचार केला नाही. शीळ वाजली की दोर सोडायचा. त्यांनी सोडला.

ढग आला. धप्पकन राणीच्या डोक्यावर आला, मुकुट घसरून नाकावर आला आणि समुद्र टर्रकन मधोमध फाटला. आधी मागची पोरं हसली, मग शेतकरी, आणि मग पुढच्या रांगेतल्या बायका पंख्याआड खिदळू लागल्या. ते पंख्याआडचं हसू सगळ्यात वाईट होतं. माझ्या पाठीवर बाईसाहेबांचे पाय होते, म्हणून फक्त मला कळलं की ही काठीवाली बाई थरथरते आहे.

"त्या सुताराला," ढगातून आवाज आला, "आत्ताच्या आत्ता हाकलून द्या!"

दोन नोकरांनी नेडला दंडाला धरून शिडीवरून उतरवलं. शीळ कोणी घातली हे नेडला माहीत होतं. रेजीलाही माहीत होतं, पण तो आपल्या खोट्या तलवारीकडे बघत राहिला.

"चूक झाली, बाईसाहेब," नेड म्हणाला. "म्हातारे हात." आणि टोपी घेऊन तो दाराकडे निघाला.

पुढच्या रांगेत एक खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"सोडा त्यांना," टिबी म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. दोन वर्षं चहाच्या कपात बुडवून ठेवलेला तो लॅम्बेथचा आवाज होता. "चूक त्यांची नाही. ते माझे बाबा आहेत."

हसू जागच्या जागी थांबलं.

"सकाळी मी खोटं बोलले. म्हणजे, ते सुतार आहेतच, चांगले सुतार आहेत. पण आधी माझे बाबा आहेत, आणि हे मला दोन वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं. बाबा, तो ढग आधी वर घ्या बघू."

नेडचे डोळे भरून आले होते, पण पुन्हा शिडी चढून दोर त्याने बरोबर ओढला. ढग वर गेला. खालून थोरल्या बाईसाहेब निघाल्या, मुकुट नाकावर, केसांत कापूस.

"मग चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.

"नाटकघरात शीळ म्हणजे हुकूम असतो, आईसाहेब. ज्याने शीळ घातली त्याची."

"कोणी घातली?"

रेजी छताचं निरीक्षण करू लागला. आणि नेमका त्या क्षणी, शीळ ऐकून कुठूनतरी धावत आलेला त्याचा कुत्रा फाटक्या समुद्रातून बाहेर पडला, सरळ रेजीच्या पायाशी जाऊन बसला आणि 'बोलावलंत, आलो' अशा थाटात शेपटी हलवू लागला.

आता जे हसू उसळलं ते राणीवरचं नव्हतं.

"याला काय शिक्षा असते तुमच्यात?" बाईसाहेबांनी नेडला विचारलं. त्यांनी त्याच्याशी थेट बोलायची ही पहिली वेळ.

"बाहेर जायचं, बाईसाहेब. स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, दार ठोठावायचं आणि 'आत येऊ का' विचारायचं. राजा असला तरी."

"मावशी, असं काय करतेस!" रेजी म्हणाला.

काठी वाजली. टक्. "ऐकलंस ना? नीघ."

सेनापतीने तलवारीसकट तीन गिरक्या घेतल्या. मागची पोरं मोठमोठ्याने मोजत होती. दार ठोठावलं गेलं, केविलवाणा "आत येऊ का?" ऐकू आला, आणि अख्खं कोठार ओरडलं, "नाही!"

पण समुद्र फाटला होता, चित्रं बाकी होती आणि शाळेचं छप्पर गळकंच होतं. लोक चुळबुळ करू लागले. टिबी फळीवर चढली आणि सासूसमोर उभी राहिली.

"आईसाहेब, पाय जरा वर घेता? तो चौरंग माझा आहे."

मित्रांनो, हे वाक्य ऐकायला मी दोन वर्षं बुटांखाली काढली होती.

थोरल्या बाईसाहेबांनी सुनेकडे पाहिलं. मग पाय वर घेतले. टिबीने मखमल ओढून फेकली आणि मला पुढे, अगदी कडेला आणलं. तिच्या पायांत रेशमी सपाता होत्या. रेशमाचा कसला ताल वाजणार? ती थबकली. तेवढ्यात मागच्या बाकावरून दूधघरातली मार्था ओरडली, "घ्या बाईसाहेब, माझे घ्या! धुतलेत आजच!" आणि लाकडी तळाचे दोन बूट डोक्यांवरून, हातांहातांतून पुढे आले. बड्या लोकांच्या हातांतूनसुद्धा आले, हे मी पाहिलं. नेड गुडघ्यावर बसला आणि त्याने आपली टोपी घडी करून माझ्या आखूड पायाखाली सारली.

"खाली पाय पडला की?" त्याने विचारलं.

"हरले," टिबी म्हणाली आणि चढली.

तिच्या टाचा बरोबर खळग्यांत बसल्या. नेडने हातोडा उचलला. टक्. टक्. टक्-टक्-टकाटक. आधी ती जपून नाचली, मग अंगातलं सगळं गोठलेलं निघून गेल्यासारखी. मी तिचे सगळे खेळ पाहिले आहेत, पण तशी ती कधीच नाचली नव्हती. लहानपणी ती टाळ्यांसाठी नाचे. त्या दिवशी ती आपण कोण आहोत हे सांगायला नाचली. माझी हाडंन्‌हाडं निखळायला आली होती, आणि मला वाटत होतं, निखळू देत! शेवटी दोन्ही टाचा एकदम पडल्या आणि ती थांबली. पाय खाली पडला नव्हता.

पहिली टाळी ह्यूबर्टची. तो उठला तेव्हा वरच्या तुळईला त्याचं कपाळ आपटलं आणि या वेळी त्याने तुळईची माफी मागितली नाही. मग जो गजर झाला, त्याने कबुतरं उडाली.

तेवढ्यात काठी वाजली. टक्. सगळे गप्प.

"सुतार," थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या. मुकुट त्यांनी सरळ केला होता, कापूस अजून केसांत होता. "संध्याकाळचं जेवण कुठे आहे तुमचं?"

"स्वयंपाकघरात, बाईसाहेब."

"कोणी सांगितलं? माझ्या सुनेचे वडील स्वयंपाकघरात जेवणार नाहीत." आणि त्यांनी आपला हात पुढे केला. "मला आत घेऊन चला."

या लोकांच्या भाषेत 'सुनेचे वडील' असं लांबलचक म्हणावं लागतं. आपल्याकडे त्याला एकच शब्द पुरतो. व्याही! मला तो ओरडून सांगावासा वाटला. नेडने आपला हात तीन वेळा विजारीला पुसला आणि विहिणीचा हात धरला. जिल्ह्यातले सगळे बडे लोक त्यांच्या मागून, समोरच्या मोठ्या दाराने, जेवायला आत गेले. टिबी सगळ्यांत शेवटी गेली. तिच्या पायांत अजून मार्थाचेच बूट होते.

शाळेला नवं छप्पर मिळालं. नेड दर नाताळात इथे येऊ लागला आणि आपल्या मरणापर्यंत येत राहिला. मी बुटांच्या खोलीत परत गेलो नाही. थोरल्या बाईसाहेबांनी मला आपल्या शेकोटीसमोर मागून घेतलं. "पाय टेकायला बरा आहे," एवढंच त्या म्हणाल्या. नाचाबद्दल त्यांनी पुढे कधी एक चांगला शब्द काढला नाही. पण पाय माझ्यावर, काठीचं टोक माझ्या कडेवर, आणि डोळे विस्तवाकडे असले की ती काठी आपोआप सुरू होई. टक्. टक्. टक्-टक्-टकाटक. टिबी पुस्तकातून हळूच वर बघे.

"काय बघतेस? काठीला वाईट सवय लागली आहे," बाईसाहेब म्हणत, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत. अशी अकरा वर्षं गेली. लोखंडी टोकाने माझ्या कडेला बोराएवढा खळगा पडला. तो तिसरा.

आता कळलं ना, मित्रांनो? मला पुसा, धूळ झटका, वर्षातून एकदा तेल द्या, मी आभारी होईन. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंनाही तेवढंच हवं असतं. पण त्यांच्या अंगावरची झीज घासून टाकायच्या आधी कोणालातरी विचारा, ती कोणाची आहे. जे सपाट झालं ते पुन्हा काही सांगत नाही.

थांबा. व्हरांड्यात शीळ ऐकू येते आहे. पॉलिशवाला आला. दार उघडलं, आणि शेकोटीपाशी पांढऱ्या केसांची माझी टिबी दचकून वर छताकडे बघते आहे.

"नमस्कार बाईसाहेब. या चौरंगाचे खळगे काढायचे होते."

टिबी वाकते. तिचा अंगठा माझ्या पाठीवरून फिरतो. "हे दोन माझे आहेत," ती म्हणते. "अगदीच डोळ्यांत खुपत असतील तर हे घासा, मी अजून आहे. पण हा तिसरा माझ्या सासूबाईंचा आहे. त्याला हात लावायचा नाही." मग ती ताठ उभी राहते. "आणि तुम्ही शीळ वाजवत आत आलात. बाहेर जा. तीन गिरक्या घ्या, दार ठोठावा, आणि विचारा."

बिचारा जातो. एक गिरकी, दोन, तीन. दारावर टकटक होते.

"आत येऊ का?"

"या," माझी टिबी म्हणते, "पण रंधा बाहेर ठेवून."